कळपाला नवे रक्त हवे

माउलींची पालखी आळंदीहून निघते, दिघीच्या मॅगझीन चौकातून पुण्यात येते आणि मग दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे असा रस्ता धरते. घाट चढला की मुलूख बदलतो. पाऊस कमी होतो, झाडी विरळ होते आणि कुसळी गवताचे माळ सुरू होतात. वारकऱ्यांच्या ओळखीच्या या पट्ट्यात लांडगाही राहतो. पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर या तालुक्यांतील माळांवर, धनगरांच्या वाड्यांच्या आसपास आणि शेताच्या बांधांवरून तो आजही फिरतो. दिघी-भोसरी-चाकणच्या कारखानदारी पट्ट्यापासून हे माळ गाडीने काही तासांच्याच अंतरावर आहेत.

भारतीय लांडग्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, स्थान आहे. देशभरात त्याची संख्या सुमारे तीन हजार असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघांची संख्या त्याहून थोडी अधिक आहे. जनुकांच्या अभ्यासातून असेही दिसले आहे की, भारतीय लांडगा ही जगातील लांडग्यांच्या सर्वांत जुन्या आणि वेगळ्या शाखांपैकी एक आहे. युरोप किंवा अमेरिकेतील लांडगा आणून त्याची जागा भरून काढता येणार नाही.

प्राणी वाचवायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो ‘किती उरले?’ हा. प्रश्न योग्यच आहे, पण अपुरा आहे. वीस प्राणी उरले असतील, तर ते एकाच कुटुंबातले आहेत की चार वेगवेगळ्या मुलखांतून आलेले आहेत, यावर त्यांचे भवितव्य अवलंबून असते. डोकी दोन्हीकडे वीसच, पण त्यांच्या आयुष्याचा हिशेब वेगळा.

‘लग्न नात्यातले आहे का?’

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात एखादे मूल जन्मजात आजार घेऊन आले की, आईवडिलांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘लग्न नात्यातले आहे का?’ महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे, त्यामुळे कित्येकदा उत्तर ‘हो’ असे येते. प्रश्नामागचे कारण सरळ आहे.

आपल्याकडे बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. प्रत्येक धडधाकट माणसाच्या अंगात काही बिघडलेल्या प्रती असतातच. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे त्यांचा उपद्रव होत नाही. थॅलसेमिया किंवा सिकलसेलचा वाहक म्हणूनच निरोगी आयुष्य जगतो. अडचण येते ती दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तेव्हा. आणि आई-वडिलांचे पूर्वज एकच असतील, तर तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी मुलाकडे येण्याची शक्यता वाढते. मामे-आते भावंडांच्या अपत्यात, कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक असते. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या संततीत ती चारात एक होते.

माणसाने यावर रूढी केल्या, गोत्रे पाळली, दूरच्या गावची स्थळे पाहिली. मेंढपाळालाही हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. पैदाशीचा मेंढा तो दोन-तीन वर्षांनी बदलतो, दुसऱ्याच्या कळपातला आणतो. तोच मेंढा ठेवला तर तो पुढे आपल्याच लेकींना लागतो. कोकरे बारकी निघतात, मरतुकीचे प्रमाण वाढते आणि माद्या गाभण राहीनाशा होतात.

रानातले प्राणीही हे टाळतात. लांडग्याची पिल्ले दीड-दोन वर्षांची झाली की बरीचशी कळप सोडतात आणि जोडीदाराच्या शोधात लांब निघून जातात. पण जायला वाट असेल तरच. वाट बंद झाली की उरतात ते भाऊ, बहीण, आई, बाप.

टेकडी होते बेट

दिघीच्या दत्तगडाची टेकडी पाहा. चारी बाजूंनी इमारती आणि वाहते रस्ते. टेकडीवरच्या पक्ष्याला पलीकडच्या टेकडीवर जाणे सोपे आहे. तिथल्या सरड्याला मात्र चौपदरी रस्ता म्हणजे समुद्रच. त्याच्या दृष्टीने टेकडी हे बेट झाले. असे बेट झाले की तिथल्या प्राण्यांच्या जनुकांवर तीन संकटे येतात.

पहिले म्हणजे वर सांगितलेले अंतःप्रजनन, जवळच्या नात्यातील प्रजनन. दडलेले दोष उघडे पडतात. पिल्ले कमी जगतात, नरांचे शुक्रजंतू सदोष होतात, जन्मजात व्यंगे वाढतात.

दुसरे संकट नशिबाचे आहे. दहा उंबऱ्यांच्या वाडीत एखाद्या आडनावाचे एकच घर असेल आणि त्या घरात पुढची पिढी झाली नाही, तर ते आडनाव वाडीतून कायमचे जाते. त्या आडनावात काही खोट होती म्हणून नव्हे, केवळ घर एकच होते म्हणून. जनुकांचेही तसेच होते. मोठ्या समूहात चांगले जनुक सहसा टिकते. लहान समूहात ते केवळ योगायोगाने नाहीसे होऊ शकते आणि एखादे विरळ जनुक योगायोगानेच सर्वत्र पसरू शकते. ओडिशातील सिमलीपालचे काळपट वाघ हे याचे ठळक उदाहरण. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील डॉ. उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवून दिले की, एकाच जनुकातील एका बदलामुळे तिथल्या वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले दिसतात. इतरत्र रानात असा वाघ जवळपास दिसतच नाही. सिमलीपालमध्ये मात्र तीनात एकाहून अधिक वाघ तसे होते. तेथील वाघ थोडक्या पूर्वजांपासून वाढले आणि इतरांपासून तुटले, याची ती खूण आहे. पर्यटकाला काळा वाघ अप्रूप वाटतो, वैद्यकीय नजरेला मात्र ते लक्षण दिसते.

तिसरे संकट रोगप्रतिकाराचे. अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी दात्याच्या आणि रुग्णाच्या ऊतींचा जुळणारा प्रकार पाहतात. तो प्रकार ठरवणारी जनुके निरनिराळे जंतू ओळखण्याचे कामही करतात. समूहात त्यांचे जितके प्रकार, तितके बरे, कारण नवी साथ आली तरी कोणीतरी वाचतो. १९८०च्या दशकात आफ्रिकी चित्त्यांवर एक प्रयोग झाला. एका चित्त्याच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्या, नात्यात नसलेल्या चित्त्यावर बसवला, आणि शरीराने तो लगेच झिडकारला नाही. माणसात असे फक्त एकसारख्या जुळ्यांत घडते. हजारो वर्षांपूर्वी चित्त्यांची संख्या फार घटली असावी आणि आजचे चित्ते त्या थोडक्यांचे वंशज असावेत, असा त्यातून अर्थ निघाला.

यात आणखी एक गोम आहे. मोजलेली डोकी आणि प्रजनन करणारी डोकी एक नसतात. लांडग्यांच्या कळपात साधारणतः एकच जोडी पिल्ले घालते, बाकीचे शिकारीत आणि पिल्ले सांभाळण्यात मदत करतात. सहा-सहा लांडग्यांचे पाच कळप म्हणजे मोजणीत तीस प्राणी, पण पुढच्या पिढीला जनुके देणारे जेमतेम दहा. संवर्धनशास्त्रात १९८०पासून एक ठोकताळा आहे. जवळच्या काळातले अंतःप्रजननाचे नुकसान टाळायचे तर प्रत्यक्ष प्रजनन करणारे निदान ५० प्राणी हवेत आणि दीर्घकाळ टिकायचे तर ५००. अलीकडे काही शास्त्रज्ञ हे आकडे दुप्पट करावेत असे म्हणतात.

बर्फाचा पूल वितळला तेव्हा

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, याची सर्वांत नीट लिहिलेली केस अमेरिकेतील आइल रॉयल या बेटावरची आहे. सुपीरियर सरोवरातील हे बेट किनाऱ्यापासून सुमारे २४ किलोमीटरवर आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कडाक्याच्या थंडीत सरोवर गोठले, तेव्हा काही लांडगे बर्फावरून चालत बेटावर पोचले. तिथे मूस जातीची मोठी हरणे भरपूर होती. लांडगे वाढले. १९५८पासून शास्त्रज्ञ त्यांची दरवर्षी नोंद ठेवत आले आहेत.

१९८०मध्ये बेटावर ५० लांडगे होते. दोन वर्षांत ते १४ उरले. कारण होते पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा रक्ताच्या जुलाबाचा आजार. पाहुण्यांसोबत आलेल्या कुत्र्यामुळे तो विषाणू बेटावर पोचला, असे मानले जाते. साथ ओसरली, खायला हरणे होती, तरी लांडगे पूर्वीसारखे वाढेनात. मेलेल्या लांडग्यांचे सांगाडे तपासले, तेव्हा सुमारे ५८ टक्क्यांत कंबरेच्या व माकडहाडाजवळच्या मणक्यांत जन्मजात दोष आढळला. अशा दोषाने नसांवर दाब येऊन मागचे पाय किंवा शेपूट लुळी पडू शकते. ज्याचे पोट धावण्यावर चालते, त्याला हे व्यंग परवडणारे नाही.

१९९७मध्ये एक नर बर्फावरून बेटावर आला. तो अंगाने मोठा होता आणि त्याने भरपूर पिल्ले दिली. समूहात जीव आला. पण त्याचा वंश इतका फोफावला की, काही पिढ्यांतच बेटावरचा प्रत्येक लांडगा त्याच्या नात्यातला झाला आणि गाडी फिरून पुन्हा तिथेच आली. दरम्यान हिवाळे सौम्य होत गेले, बर्फाचा पूल क्वचितच बनू लागला आणि नवा पाहुणा आला नाही. २०१६मध्ये बेटावर दोनच लांडगे उरले, एक नर आणि एक मादी. ती त्याची मुलगी होती आणि आईकडून सावत्र बहीणही. त्यांना झालेले पिल्लू व्यंगाचे निघाले आणि जगले नाही. तिकडे मूस हरणांची संख्या वाढत दोन हजारांवर गेली आणि बेटावरची कोवळी झाडे संपू लागली. शेवटी २०१८ आणि २०१९मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले.

स्वीडन-नॉर्वेतील गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. तिथे १९८०च्या दशकात एकाच जोडीपासून लांडग्यांची वस्ती सुरू झाली आणि दहा वर्षे ती एका कळपापलीकडे वाढेना. १९९०च्या सुमारास पूर्वेकडून एकच नवा नर आला आणि त्यानंतर कळपांची संख्या भराभर वाढली. एक पाहुणा इतका फरक पाडतो. पण एकदाच येऊन गेलेला पाहुणा पुरत नाही. वाट उघडी राहिली पाहिजे.

पुण्याच्या माळावर काय चालले आहे?

पुणे जिल्ह्याचा माळ हे काही सरोवरातले बेट नाही. लांडगा रात्रीतून शेते, ओढे, गाडीरस्ते ओलांडून वीस-पंचवीस किलोमीटर सहज जातो. तो अभयारण्याच्या सीमेत राहणारा प्राणीही नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. एका कळपालाही ते पुरत नाही. म्हणजे त्याचा जीव अभयारण्यात नाही, दोन माळांमधल्या मोकळ्या जागेत आहे. आणि तीच जागा आता आकसत चालली आहे. महामार्ग रुंद होतात, दुभाजकाच्या भिंती उंच होतात, माळाचे प्लॉट पडून त्यांना पक्की कुंपणे लागतात, कालवा आला की उसाचे फड उभे राहतात. सरकारी नोंदीत या गवताळ जमिनीला बहुधा ‘पडीक’ म्हणतात, त्यामुळे प्रकल्पाला जागा हवी की पहिली नजर तिच्यावर जाते. कधी कधी तर पर्यावरणाच्या नावाखाली माळावर खड्डे खणून झाडे लावली जातात. गवतावर जगणारी चिंकारा, ससे, खोकड, लांडगा यांची साखळी त्याने तुटते.

बेट अशा रीतीने हळूहळू तयार होते. आणि पुण्याजवळच्या माळावर त्याचा एक इशारा आधीच मिळाला आहे. द ग्रासलँड्स ट्रस्ट या पुण्याच्या संस्थेचे मिहिर गोडबोले आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे या लांडग्यांवर लक्ष ठेवून आहेत. त्यांना कळपाबरोबर वावरणारे दोन प्राणी निराळे वाटले. रंग आणि ठेवण लांडग्याची नव्हती. प्राण्यांना न पकडता गोळा केलेले नमुने बंगळुरूला गेले. डॉ. उमा रामकृष्णन यांची प्रयोगशाळा आणि ‘अत्री’ या संशोधन संस्थेचे डॉ. अबी वनक यांच्यासह केलेला हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकांच्या तपासणीत ते प्राणी लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झाल्याचे सिद्ध झाले. भारतात जनुकीय पुराव्यानिशी असा संकर दाखवला गेला, तो इथे पहिल्यांदा.

लांडगा आणि कुत्रा हे वंशाने इतके जवळ आहेत की त्यांची संतती वांझ नसते. ती पुढे लांडग्याशीही जुगते, कुत्र्याशीही. एरवी लांडगा कुत्र्याला हुसकावतो, कधी मारूनही टाकतो. पण कळप फुटले, जोडीदार मिळेनासा झाला आणि आजूबाजूला मोकाट कुत्रे मात्र पोत्याने असले, की हा संबंध घडण्याची शक्यता वाढते.

इथे कोणी विचारील, कळपाला नवे रक्त हवे ना, मग कुत्र्याचे का चालत नाही? उत्तर महत्त्वाचे आहे. नवे रक्त हवे ते आपल्याच जातीच्या दुसऱ्या समूहातले. कुत्र्याची जनुके हजारो वर्षे माणसाच्या दारात, माणसाच्या उष्ट्यावर जगण्यासाठी घडली आहेत. रखरखीत माळावर शिकार करणे, माणसाला बिचकून राहणे, कळपाची शिस्त पाळणे हे लांडग्याचे गुण वेगळ्या मुशीतून आले आहेत. तीन हजार लांडगे आणि कोट्यवधी कुत्रे असा सामना असेल, तर मिसळण एकाच दिशेने जाते. दुधात थोडे पाणी गेले तर दूध ओळखू येते. पाण्यात थोडे दूध गेले तर पाणीच राहते. नाव लांडग्याचे राहील, प्राणी मात्र वेगळा झालेला असेल.

साथीचा धोका

कुत्र्यांकडून जनुकांपेक्षा लवकर येतात ते विषाणू. डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीज हे तिन्ही रोग कुत्रा, कोल्हा, खोकड आणि लांडगा यांना होतात. डिस्टेंपर तर मार्जारकुळातही शिरतो. २०१८मध्ये गीरच्या दलखाणिया परिसरात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि काहींच्या शरीरात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. गीरचे सिंह एके काळी अगदी मूठभर उरले होते. आजचे सारे त्यांचेच वंशज आहेत. २०२५च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ झाली, हे मोठेच यश. पण जनुकांचे वैविध्य संख्येबरोबर वाढत नाही. एकदा गेलेला प्रकार नुसत्या वाढीने परत येत नाही. म्हणूनच सगळे सिंह एकाच भागात असणे तज्ज्ञांना धोक्याचे वाटते.

महाराष्ट्रातही या दिशेने अभ्यास झाला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ भागात डॉ. अनिरुद्ध बेलसरे आणि सहकाऱ्यांनी गावकुत्र्यांचे व खोकडांचे रक्त तपासले. बहुसंख्य कुत्र्यांना या विषाणूंचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा रक्तात मिळाल्या. म्हणजे विषाणू गावात कायम वस्तीला आहे. कुत्रे संख्येने भरपूर असल्याने त्यांच्यात तो धुमसत राहतो आणि माळावरच्या थोडक्या रानटी प्राण्यांवर कधीही उडी घेऊ शकतो. मोठा, विविध जनुकांचा समूह अशा तडाख्यातून सावरतो. पाच-सहा नातेवाइकांचा कळप एका पावसाळ्यात संपू शकतो.

उपचार काय?

सर्वांत गाजलेला उपचार फ्लोरिडातला. तिथले पँथर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वीस-पंचवीस उरले होते. शेपट्या वाकड्या, अनेक नरांचे वृषण खाली न उतरलेले, काहींच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र. १९९५मध्ये टेक्सासमधून त्याच जातीच्या आठ माद्या आणून सोडल्या. त्यांच्यापैकी पाच माद्यांना पिल्ले झाली. संकरित पिल्ले अधिक जगली, व्यंगे घटली आणि पुढच्या काही वर्षांत संख्या तिपटीच्या आसपास गेली. काम झाल्यावर उरलेल्या टेक्सासच्या माद्या तिथून हलवल्या, जेणेकरून फ्लोरिडाच्या पँथरचे स्वतःचे गुण पुसले जाऊ नयेत. औषधाप्रमाणे इथेही मात्रा महत्त्वाची.

आपल्याकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असा प्रयत्न सुरू झाला आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोब्यातील एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. पण प्राणी उचलून नेणे हा अतिदक्षता विभागातला उपचार आहे. खर्चाचा, जोखमीचा आणि सतत देखरेख मागणारा. त्याआधीचा स्वस्त उपचार म्हणजे प्राण्याला स्वतःच्या पायांनी जाऊ देणे. नागपूरच्या उत्तरेला पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली वन्यप्राण्यांसाठी रुंद भुयारी वाटा सोडल्या आहेत. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ आणि रानकुत्रे त्यांचा वापर करताना टिपले गेले आहेत. वाट नुसती असून भागत नाही, पलीकडे सोबतीही हवा. टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ नावाचा वाघ २०१९मध्ये हजार किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथे त्याला खायला मिळाले, मादी मात्र नव्हती. त्याचा इतका प्रवास होऊनही पुढच्या पिढीच्या हाती काही लागले नाही.

पुण्याच्या लांडग्यांसाठी करायच्या गोष्टी याहून साध्या आहेत. नव्या महामार्गांच्या आराखड्यात माळांच्या जागी भुयारी वाटा आणि ओढ्यांवर पुरेसे उंच पूल हवेत. गवताळ जमिनीला ‘पडीक’ म्हणणे थांबवून कोणते माळ कोणत्या वाटेने जोडलेले आहेत, याचा नकाशा विकास आराखड्यात यायला हवा. विष्ठेतून आणि केसांतून जनुके तपासता येतात. त्यामुळे लांडग्यांची मोजणी करतानाच कोण कोणाच्या नात्यातला, कोण बाहेरून आला आणि कोणात कुत्र्याचा अंश आहे, हेही पाहता येईल. मेंढी मारली गेल्यावर वन विभागाची भरपाई मेंढपाळाच्या हातात वेळेवर पडली, तर त्याचा राग विषापर्यंत जात नाही. आजवर लांडगा टिकला तो मेंढपाळाच्या सोसण्यामुळेच.

आणि कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण. यात माणसाचाही तितकाच फायदा आहे. कुत्रा चावला म्हणून रेबीजची लस घ्यायला सरकारी रुग्णालयांत रोज रांगा लागतात. वस्तीतील ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच वेळी डिस्टेंपर आणि पार्व्होचीही लस दिली, तर गावातले मूल आणि माळावरचे पिल्लू दोन्ही वाचतात. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या आणि हॉटेलांचे उष्टे उघड्यावर टाकणे थांबले, तर मोकाट कुत्र्यांची संख्या आपोआप आवाक्यात येते. अशा ढिगांवर कुत्रा आणि लांडगा समोरासमोर येतात, तेही टळते.

पिंपरी-चिंचवड, दिघी, चाकण भागातील अनेक नोकरदारांनी सासवड, शिरूर, यवतच्या बाजूला प्लॉट घेतले आहेत, फार्महाऊस बांधली आहेत. राखणीला कुत्रा ठेवला असेल, तर त्याला सर्व लसी द्याव्यात, नसबंदी करून घ्यावी आणि रात्री मोकळा सोडू नये. कुंपण घालताना पक्क्या भिंतीऐवजी तारेचे घालून खालून प्राणी जाईल एवढी फट ठेवावी. थंडीच्या दिवसांत लांडग्याची पिल्ले बिळात असतात. फोटोसाठी त्या बिळाजवळ गाडी नेऊ नये आणि जागा समाजमाध्यमांवर सांगू नये.

यंदाच्या थंडीत जन्मलेली पिल्ले आणखी दीड-दोन वर्षांनी कळप सोडतील. त्यातले एखादे रात्री सासवडच्या माळावरून निघेल, रेल्वेचे रूळ ओलांडेल, उसाच्या कडेने जाईल आणि महामार्गाशी येऊन थांबेल. त्याला पलीकडे दौंड-शिरूरचा किंवा त्याही पुढचा दुसरा कळप गाठता येतो की पोल्ट्रीच्या ढिगावरचे कुत्रे, यावर पुढच्या काही दशकांत माळावर लांडगा असेल की नाही, हे ठरणार आहे.